जर्मन विद्यापीठात नेमणूक झाली, आता व्हिसा : वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत जर्मन विद्यापीठांतल्या नोकऱ्यांविषयीची पत्रं इतकी आली, की सदर पूर्ण त्यांनाच दिलं आहे. बहुतेक पत्रांची सुरुवात ‘कोणता फॉर्म भरू?’ अशी आहे. फॉर्म नंतर. आधी विद्यापीठाने तुमच्या हातात नेमका कोणता कागद दिला आहे ते पाहा. व्हिसाचा प्रकार, पगाराची अट, जोडीदाराचा अर्ज आणि पुढचा कायम परवाना, सगळं त्या कागदावरून ठरतं. खाली दिलेल्या पगाराच्या मर्यादा २०२६ च्या आहेत. त्या दर १ जानेवारीला बदलतात, हे लक्षात ठेवून वाचावं.

प्रश्न : रसायनशास्त्रात पीएच.डी. झाली आहे. जर्मन विद्यापीठात दोन वर्षांची पोस्टडॉक (पीएच.डी.नंतरची संशोधनाची जागा) मिळाली. मेलमध्ये ‘टीव्ही-एल ई१३, १०० टक्के’ एवढंच लिहिलं आहे. ब्लू कार्ड घ्यावं की संशोधकाचा व्हिसा? मित्र सांगतात ब्लू कार्डच घे. (पुणे)

टीव्ही-एल म्हणजे जर्मन राज्यांच्या नोकरदारांची सामायिक वेतनश्रेणी आणि ई१३ ही पदव्युत्तर शिक्षण झालेल्यांची पायरी. पूर्ण वेळेच्या ई१३ चा अगदी पहिला टप्पासुद्धा महिना साडेचार हजार युरोंच्या वर आहे. ब्लू कार्डसाठी, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांच्या निवास परवान्यासाठी, वर्षाला किमान ५०,७०० युरो ढोबळ (कपातीपूर्वीचा) पगार लागतो, आणि टंचाईच्या व्यवसायांसाठी किंवा गेल्या तीन वर्षांत पदवी मिळालेल्यांसाठी ४५,९३४ युरो २० सेंट. त्यामुळे १०० टक्के पदावर तुम्ही दोन्ही मार्गांना पात्र आहात. पद ७५ टक्के आणि पहिल्याच टप्प्याचं असतं तर ब्लू कार्डाचा विषय तिथेच संपला असता.

दोन मार्गांतला फरक असा. ब्लू कार्ड (निवास कायद्याचं कलम १८जी) तुमची पदवी आणि पगार यांवर उभं असतं. पदवी जर्मन पदवीशी समकक्ष आहे का, हे अर्ज तपासणारं कार्यालय स्वतः बघतं. संशोधकाचा व्हिसा (कलम १८डी) ‘आउफनामेफेराइनबारुंग’ या करारावर उभा असतो. त्यात विद्यापीठ लिहून देतं की अमुक संशोधन प्रकल्पासाठी, इतका काळ, इतक्या पगारावर आम्ही या व्यक्तीला घेत आहोत. पात्रतेची पारख विद्यापीठानेच केलेली असते आणि पगाराची ठरावीक मर्यादा इथे नाही. तुमच्या विद्यापीठाचं किंवा पदवीचं नाव जर्मन यादीत सापडत नसेल, तर हा मार्ग सोपा जातो.

मित्रांचा सल्ला एका बाबतीत बरोबर आहे. ब्लू कार्डावर २७ महिन्यांनी कायम निवास परवाना मागता येतो आणि जर्मन भाषेची बी१ पातळी असेल तर २१ महिन्यांनी. संशोधकाच्या परवान्यावर साधारण तीन वर्षं आणि बी१ लागतं. तुमचा करार दोन वर्षांचा, म्हणजे २४ महिन्यांचा आहे. बी१ वेळेत झालं तर ब्लू कार्डावर तो परवाना करार चालू असतानाच मागता येईल. मात्र तुमच्या कामात फ्रान्स, इटली किंवा नेदरलँड्सच्या प्रयोगशाळेत मोठा मुक्काम असेल, तर संशोधकाचा परवाना उपयोगी. त्यावर युरोपीय संघाच्या बहुतेक देशांत ३६० दिवसांत १८० दिवसांपर्यंत संशोधन करता येतं. त्यासाठी यजमान संस्थेने आधी कळवावं लागतं, आणि आयर्लंड व डेन्मार्क या व्यवस्थेत नाहीत.

दोन वर्षांत दुसरीकडे मुक्काम नाही आणि भाषा शिकायची तयारी आहे, अशा स्थितीत आम्ही ब्लू कार्ड सुचवू. पण विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाने आउफनामेफेराइनबारुंग तयार करून पाठवलीच असेल, तर ब्लू कार्डाच्या हट्टापायी महिना घालवू नका. जर्मनीत पोचल्यावरही प्रकार बदलून मागता येतो.

प्रश्न : प्राध्यापकांनी स्वतःच्या सहीचं निमंत्रण पाठवलं आहे. करार इथे आल्यावर सही करू, असं म्हणतात. १ ऑक्टोबरला रुजू व्हायचं आहे. एवढ्या पत्रावर अर्ज होईल का? (छत्रपती संभाजीनगर)

नाही. जर्मन विद्यापीठात प्राध्यापक माणूस निवडतात, पण नेमणूक मनुष्यबळ विभाग करतो. त्याआधी कर्मचारी परिषदेची संमती लागते आणि तिच्या बैठका ठरावीक दिवशीच होतात. प्राध्यापकांचं पत्र हे त्या प्रक्रियेच्या आधीचं आहे. कॉन्सुलेटला बंधनकारक काहीतरी हवं असतं : सही झालेला करार, किंवा ‘व्हिसा मिळाल्यास नेमणूक निश्चित’ असं स्पष्ट सांगणारं मनुष्यबळ विभागाचं पत्र, किंवा आउफनामेफेराइनबारुंग. ‘घेण्याचा मानस आहे’ अशा वाक्याचं पत्र येतं, त्यावर फाइल अडकते.

प्राध्यापकांना आजच लिहा आणि तीन गोष्टी मागा. पहिली, मनुष्यबळ विभागातल्या तुमच्या प्रकरणाच्या व्यक्तीचा मेल. दुसरी, वर सांगितलेला बंधनकारक कागद. तिसरी, ‘नोकरीसंबंधी निवेदन’ हा मालकाने भरायचा ठरलेला सरकारी फॉर्म, ‘एर्क्लेरुंग त्सुम बेशेफ्टिगुंग्सफरहेल्टनिस’. हा तिसरा कागद लोक हमखास विसरतात. सरकारी विद्यापीठाच्या करारात पगाराचा आकडा सहसा नसतो, फक्त श्रेणी असते. आकडा, आठवड्याचे तास, सुट्ट्या हे सगळं या निवेदनात येतं. ते नसेल तर ‘पगार स्पष्ट नाही’ म्हणून मेल येतो, आणि उत्तर जर्मनीहून मागवण्यात पंधरा दिवस जातात.

रुजू होण्याच्या तारखेबद्दल. व्हिसा हातात नसताना १ ऑक्टोबरला काम सुरू करता येत नाही, भारतात बसून ऑनलाइनसुद्धा नाही. तारीख पुढे नेणं शक्य असतं, पण तुमचा पगार एखाद्या प्रकल्पाच्या अनुदानातून असेल तर प्रकल्पाची शेवटची तारीख पुढे सरकत नाही. दोन महिने उशीर म्हणजे बहुधा कराराचे दोन महिने कमी. म्हणून उशीर दिसू लागला की लगेच विचारा : शेवटची तारीखही पुढे जाईल का? उत्तर लेखी घ्या.

घाई खरीच असेल तर विद्यापीठाला ‘जलदगती कुशल कामगार प्रक्रिया’ सुरू करायला सांगता येतं. तिचं शुल्क ४११ युरो. अर्ज विद्यापीठ स्थानिक परदेशी नागरिक कार्यालयाकडे, म्हणजे आउसलेंडरबेहोर्डकडे, करतं. तिथून पूर्वसंमती मिळाली की कॉन्सुलेटची अपॉइंटमेंट तीन आठवड्यांत आणि पूर्ण अर्जावर निर्णय पुढच्या तीन आठवड्यांत अपेक्षित असतो. मात्र पूर्वसंमती मिळवायला लागणारा वेळ यात धरलेला नाही. लहान शहरातलं कार्यालय तत्पर असेल तर फायदा होतो. मोठ्या शहरात तेवढ्याच काळात साध्या मार्गाने व्हिसा येऊन जातो, म्हणून आधी विद्यापीठाला त्यांचा अनुभव विचारा.

प्रश्न : एम.एस्सी. संलग्न महाविद्यालयातून झालं. ‘अनाबिन’वर महाविद्यालयाचं नावच नाही. शिवाय एजंट म्हणतो, सगळ्या पदव्यांना अपोस्टिल करून घ्या, नाहीतर जर्मनी मान्य करत नाही. खर्च बराच सांगतो. (जळगाव)

महाविद्यालय शोधू नका. पदवी ज्या विद्यापीठाने दिली, ते शोधा. अनाबिन हा जर्मनीचा परदेशी पदव्यांचा माहितीसंच आहे आणि त्यात पदवी देणारी संस्था नोंदवलेली असते. महाराष्ट्रात अडचण येते ती विद्यापीठांची नावं बदलल्यामुळे. पुणे विद्यापीठाला सावित्रीबाई फुल्यांचं नाव २०१४ मध्ये मिळालं, मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार १९९४ चा, आणि तुमच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला बहिणाबाई चौधरींचं नाव २०१८ मध्ये लागलं. तुमच्या पदवीवर एक नाव, यादीत दुसरं, असं होऊ शकतं. शोधताना देश भारत निवडा आणि जुनं नाव, नवं नाव, शहराचं नाव, तिन्ही टाकून बघा.

नोंदीपुढे ‘एच प्लस’ असेल तर संस्था मान्य. मग दुसऱ्या भागात पदवीचा प्रकार बघा, उदाहरणार्थ ‘मास्टर ऑफ सायन्स’, दोन वर्षं. दोन्ही पानं पीडीएफ करून अर्जाला जोडा. लोक पहिलंच पान जोडतात आणि दुसऱ्याची मागणी येते. ‘एच प्लस-मायनस’ असेल किंवा पदवीच सापडत नसेल, तर बॉनच्या परदेशी शिक्षण कार्यालयाकडून, म्हणजे झेडएबीकडून, समकक्षतेचं वैयक्तिक पत्र घ्यावं लागतं. त्याचं शुल्क २०० युरोंच्या थोडं वर आहे. अर्ज ऑनलाइन होतो. हे प्रामुख्याने ब्लू कार्डासाठी आणि कलम १८बी च्या साध्या कुशल कामगार व्हिसासाठी आहे. संशोधकाच्या व्हिसात ही कसरत सहसा टळते.

आता एजंटचं बोलणं. अपोस्टिलचे, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून लावल्या जाणाऱ्या सरकारी शिक्क्याचे, पैसे देऊ नका. भारत २००५ पासून अपोस्टिल कराराचा सदस्य आहे, पण भारताच्या प्रवेशाला जर्मनीने आक्षेप घेतला. त्यामुळे भारत आणि जर्मनी यांच्यात तो करार लागू होत नाही. भारतीय कागदावर अपोस्टिलचा शिक्का असला काय, नसला काय, जर्मन कार्यालयाला त्याने कायदेशीर फरक पडत नाही. जन्म किंवा विवाहाच्या दाखल्याबद्दल जर्मन कार्यालयाला शंका असेल, तर ते कॉन्सुलेटमार्फत स्वतंत्र पडताळणी करतात. कॉन्सुलेटने नेमलेली व्यक्ती इथल्या नोंदवहीत नोंद आहे का ते पाहते. ती मागितली तरच होते, वेळ खाते आणि तिचा खर्च अर्जदाराला पडतो. ऑस्ट्रिया, फ्रान्स, इटली यांच्यासाठी अपोस्टिल लागतं. एजंट सरसकट सगळ्यांना तेच सांगतात, त्याचं मूळ इथे आहे.

प्रश्न : पदव्या माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या नावाने. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. विद्यापीठाने करार पदवीवरच्या नावाने पाठवला आहे. (नाशिक)

करार बदलून घ्या. जर्मनीत जाणारा प्रत्येक नवा कागद, म्हणजे करार, निवेदन, विमा, पुढे भाडेकरार, पासपोर्टच्या खालच्या दोन ओळींतल्या यंत्राने वाचायच्या नावाशी अक्षरशः जुळला पाहिजे. जुन्या पदव्या मात्र बदलून घेण्याची गरज नाही. विद्यापीठाकडून नाव बदललेली पदवी मिळवण्यात सहा-आठ महिने सहज जातात, आणि त्यातून काही साधत नाही.

दुव्याचा कागद हवा. पहिला विवाह नोंदणीचा दाखला. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याखाली नोंदणी होते, दाखला नमुना ‘ई’ मध्ये मिळतो. त्यात तुमचं माहेरचं नाव पूर्ण लिहिलेलं आहे का ते बघा. ग्रामपंचायतीतले काही दाखले फक्त मराठीत आणि हाताने लिहिलेले असतात. त्यांचं जर्मन किंवा इंग्रजी भाषांतर प्रमाणित भाषांतरकाराकडून घ्या. दुसरा कागद, नावबदल राजपत्रात प्रसिद्ध केला असेल तर त्या अंकाचं पान. नसेल तर शासकीय मुद्रण संचालनालयाकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. नुसतं नोटरीचं प्रतिज्ञापत्र पूरक म्हणून चालतं, एकट्याने कमी पडतं.

आडनाव आधी येण्याचं कोणाला विशेष वाटत नाही. एका ओळीचं स्पष्टीकरण जोडा : गुणपत्रिकेवरचा क्रम आडनाव, नाव, वडिलांचं नाव असा आहे आणि व्यक्ती एकच आहे. खरी अडचण होते ती पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असणाऱ्यांची. त्यांनी अर्ज करण्याआधी पासपोर्ट दुरुस्त करून घ्यावा, कारण जर्मनीत बँक, कर आणि विमा या तिन्ही ठिकाणी आडनाव हा सक्तीचा रकाना असतो. पण एकदा करार झाला आणि अर्ज दाखल झाला, की मध्येच पासपोर्ट बदलू नका.

प्रश्न : वय ४७, अनुदानित महाविद्यालयात सहयोगी प्राध्यापक. जर्मनीत तीन वर्षांच्या संशोधन पदाची संधी आहे, ६० टक्के वेळ. पंचेचाळिशीनंतर व्हिसा मिळत नाही असं ऐकलं. (नागपूर)

ऐकलेलं अर्धं खरं आहे. पंचेचाळिशी उलटल्यावर पहिल्यांदा कलम १८ए किंवा १८बी चा (कुशल कामगारांचा) परवाना मागणाऱ्याला वर्षाला किमान ५५,७७० युरो पगार किंवा पुरेशा निवृत्तिवेतनाचा पुरावा दाखवावा लागतो. ६० टक्के पदावर तो आकडा गाठणं शक्य नाही. पण ही अट १८डी ला, संशोधकाच्या व्हिसाला, नाही. म्हणून तुमच्यासाठी एकच रस्ता : विद्यापीठाकडून आउफनामेफेराइनबारुंग घ्या आणि अर्जात प्रकार ‘संशोधन’ निवडा. चुकून ‘कुशल कामगार’ निवडला तर पोर्टल वेगळी यादी दाखवतं आणि वयाचा प्रश्न उभा राहतो. पदाचं काम निव्वळ शिकवण्याचं असेल, तर मात्र हा करार होऊ शकत नाही. त्यात संशोधन प्रकल्प असावाच लागतो.

आणखी एक, तुमच्या फायद्याचं. ई१३ मध्ये अनुभवाचे टप्पे असतात : पहिल्यात एक वर्ष, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, असे वर चढतात. विद्यापीठातली आणि संशोधन संस्थांतली आधीची वर्षं धरली जाऊ शकतात. तुमची संशोधनाची वर्षं पहिल्या टप्प्यात वाया जाऊ देऊ नका. अनुभवाच्या दाखल्यात फक्त ‘सेवेत होते’ असं नको. पद, तारखा, पूर्ण वेळ की अर्धवेळ, संशोधनाचा विषय, मार्गदर्शन केलेले विद्यार्थी, हे लिहून घ्या आणि करारापूर्वी पाठवा. एकदा टप्पा ठरला की बदलणं फार कठीण.

अनुदानित महाविद्यालयाची रजा, सेवेवरचा हक्क आणि सहसंचालक कार्यालयाची परवानगी हा वेगळा प्रवास आहे. तो व्हिसाच्या आधी सुरू करा. कॉन्सुलेट ना-हरकत पत्र मागत नाही, पण परतल्यावर तुमची जागा त्याच कागदावर अवलंबून असते.

प्रश्न : ६५ टक्के ई१३ वर पीएच.डी. करणार आहे. एपीएस प्रमाणपत्र आणि बँकेत अडकवलेले ११,९०४ युरो लागतील का? (रत्नागिरी)

एपीएस म्हणजे भारतीय पदव्यांच्या पडताळणीचं प्रमाणपत्र, आणि अडकवलेली रक्कम म्हणजे राहण्याच्या खर्चाची तरतूद. दोन्ही गोष्टी शिक्षणाच्या व्हिसाच्या आहेत. पगारी करार असेल आणि विद्यापीठ आउफनामेफेराइनबारुंग देत असेल, तर १८डी खाली अर्ज करा. ६५ टक्के ई१३ म्हणजे महिना साधारण तीन हजार युरो ढोबळ, एकट्या माणसाच्या उदरनिर्वाहाला ते पुरेसं धरलं जातं आणि अडकवलेलं खातं लागत नाही. विद्यापीठाचा पीएच.डी. प्रवेश विभाग स्वतःच्या नियमाने एपीएस मागू शकतो, तेवढं त्यांना विचारून घ्या. पगाराऐवजी शिष्यवृत्ती असेल तर चित्र पूर्ण बदलतं. तेव्हा शिष्यवृत्तीचं पत्र आणि आरोग्य विमा स्वतः पाहावा लागतो, कारण शिष्यवृत्तीधारक सक्तीच्या सरकारी विम्यात आपोआप येत नाही.

प्रश्न : अर्ज प्रत्यक्षात कसा भरायचा? मूळचे गोव्याचे, सध्या बंगळूरमध्ये नोकरी.

अधिकारक्षेत्र राहत्या पत्त्यावरून ठरतं, मूळ गावावरून नाही. महाराष्ट्र आणि गोव्यात राहणाऱ्यांचे अर्ज मुंबईच्या जर्मन कॉन्सुलेटकडे जातात, कर्नाटकातले बंगळूरकडे. पासपोर्टवर मडगावचा पत्ता असला तरी बंगळूरचा भाडेकरार आणि कंपनीचं पत्र जोडा.

राष्ट्रीय व्हिसासाठी २०२५ पासून परराष्ट्र खात्याचं ऑनलाइन पोर्टल आहे. प्रकार निवडायचा, प्रश्न भरायचे, कागद चढवायचे. कोणीतरी ते आधी तपासतं, कमी असेल ते मागतं, आणि मगच अपॉइंटमेंटची वेळ येते. इथे सर्वाधिक अर्ज रेंगाळतात ते चढवलेल्या फाइलींमुळे : मोबाइलने काढलेले तिरके फोटो, पदवीची फक्त पुढची बाजू, चाळीस पानांची एकच फाइल. प्रत्येक कागद वेगळा पीडीएफ करा, नाव साधं ठेवा. अपॉइंटमेंटला मूळ कागद, छायाप्रती, बायोमेट्रिक फोटो आणि पासपोर्ट. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला आणि दोन पानं कोरी असलेला. शुल्क मोठ्यांसाठी ७५ युरो, अल्पवयीनांसाठी साडेसदतीस, रुपयांत भरायचं. व्हिसा अर्ज केंद्राचा सेवाखर्च वेगळा. नकार आला तरी परत मिळत नाही.

विम्यात एक बारीक जागा आहे. सरकारी आरोग्य विमा नोकरीच्या पहिल्या दिवसापासून सुरू होतो. तुम्ही दहा दिवस आधी उतरलात, तर ते दहा दिवस कोणाचेच नसतात. म्हणून पॉलिसी विमान उतरण्याच्या तारखेपासून घ्या आणि रुजू होण्याच्या तारखेपुढे थोडी वाढवून ठेवा. भारतातल्या पर्यटकी पॉलिसींमध्ये ‘दीर्घ निवासासाठी जाणाऱ्यांना लागू नाही’ असं कलम बारीक अक्षरात असतं, ते वाचा.

प्रश्न : पती आणि पाच वर्षांची मुलगी बरोबर येणार. पतीला जर्मन येत नाही. त्यांचा अर्ज नंतर करावा का? (सोलापूर)

तुमच्याबरोबरच करा. ब्लू कार्ड किंवा संशोधकाचा परवाना असलेल्यांच्या जोडीदाराला ए१ या जर्मनच्या प्राथमिक परीक्षेची अट नाही, आणि तिथे पोचल्यावर त्यांना कोणतीही नोकरी करता येते. विवाहाचा दाखला, मुलीचा जन्मदाखला (आई-वडील दोघांची नावं पूर्ण, पासपोर्टप्रमाणे), आणि तुमच्या अर्जाचा क्रमांक तिघांच्या फाइलींत घाला. वेगळे अर्ज केले तर त्यांच्या फाइलीला पुन्हा तुमचा परवाना, घराचा करार, पगाराच्या पावत्या लागतात आणि मुलीचं किंडरगार्टन हुकतं. किंडरगार्टनची नावनोंदणी मात्र इथूनच सुरू करा. विद्यापीठाच्या कुटुंब सेवा कार्यालयाला लिहा, त्यांच्याकडे कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी काही जागा असू शकतात.

प्रश्न : ब्लू कार्डाला नकार आला. फेरविचार अर्ज कुठे करायचा? (ठाणे)

तो मार्ग आता नाही. व्हिसा नकारावरचा फेरविचार जर्मनीने १ जुलै २०२५ पासून जगभर बंद केला. आता दोनच पर्याय : नव्याने अर्ज, किंवा पत्र मिळाल्यापासून एका महिन्यात बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दावा. न्यायालयीन मार्ग लांब असतो. विद्यापीठाची नोकरी तोवर थांबत नाही, म्हणून बहुतेकांनी नवा अर्जच करावा.

पण तोच अर्ज तसाच पुन्हा टाकू नका. नकारपत्रातलं कारण वाचा. ‘पगार मर्यादेखाली’ असेल तर वार्षिक बोनस आणि आठवड्याचे तास निवेदनात बरोबर आलेत का ते विद्यापीठाकडून तपासून घ्या, आणि तरीही आकडा कमी असेल तर १८डी कडे वळा. ‘पदवी समकक्षता सिद्ध नाही’ असेल तर झेडएबीचं पत्र. ‘पद पात्रतेशी सुसंगत नाही’ असेल तर पदाचं सविस्तर वर्णन मागवा. पुष्कळदा करारात नुसतं ‘शैक्षणिक कर्मचारी’ असतं आणि त्यावरून तपासणाऱ्याला काहीच कळत नाही. नव्या अर्जात आधीचा नकार लपवू नका. तो नोंदीत असतोच, आणि लपवलेला नकार मूळ कारणापेक्षा जास्त नुकसान करतो.

प्रश्न : ग्योटिंगेनमध्ये पोस्टडॉक करते. व्हिसा पुढच्या महिन्यात संपतो, परवान्याच्या कार्यालयाची वेळ त्यानंतरची मिळाली. गणपतीला घरी जायचं तिकीट काढलं आहे. जाऊ का?

व्हिसा संपण्यापूर्वी परवान्याचा अर्ज लेखी दाखल करा, ऑनलाइन किंवा मेलने, आणि पोच जपून ठेवा. वेळ नंतरची असली तरी चालते, अर्ज आधीचा हवा. मग ‘फिक्टिओन्सबेशाइनिगुंग’ हे तात्पुरतं प्रमाणपत्र मागा. त्याच्या आत खुणा करायच्या चौकटी असतात. निवास कायद्याच्या कलम ८१ परिच्छेद ४ च्या चौकटीवर खूण असेल तर भारतात जाऊन परत येता येतं. परिच्छेद ३ वर खूण असेल तर त्या कागदावर परत प्रवेश मिळत नाही. तुम्ही राष्ट्रीय व्हिसावर आलात आणि मुदतीत अर्ज केला असेल, तर ४ वरच खूण व्हायला हवी. कार्यालयाच्या खिडकीपासून निघण्यापूर्वी कागद उघडून बघा. आणि विमान मध्ये ज्या देशात बदलतं, त्याच्या विमानतळावर हे प्रमाणपत्र ओळखलं जातं का, हे एअरलाइनला विचारा. थेट विमान असेल तर ही चिंता कमी. प्रमाणपत्र हातात येईपर्यंत तिकीट बदलता येण्यासारखं ठेवा.

प्रश्न : रुजू होण्याआधी किती पैसे जवळ असावेत? (अमरावती)

राज्य विद्यापीठांचा पगार महिन्याच्या शेवटच्या दिवशी येतो. कागद उशिरा पोचले तर पहिला पगार दुसऱ्या महिन्यात ढकलला जातो. घराची अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत असू शकते, पण कायद्याने ती तीन हप्त्यांत देता येते. घरमालक हे आपणहून सांगत नाहीत. शहराप्रमाणे बदलतं, तरी एकट्याने चार हजार युरो आणि कुटुंबाने सहा-सात हजार युरो हाताशी ठेवावेत.

पहिल्या दोन आठवड्यांत पत्ता नोंदवा. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा घर दिल्याचा दाखला लागतो, नुसता भाडेकरार चालत नाही. करक्रमांक त्यानंतर टपालाने येतो, म्हणून दारावरच्या टपालपेटीवर तुमचं आडनाव चिकटवलेलं असू द्या, नाहीतर पत्र परत जातं. क्रमांक पोचेपर्यंत पगारातून सर्वांत चढ्या सहाव्या वर्गाने कर कापला जाऊ शकतो. तो नंतर समायोजित होतो, घाबरू नका. आणि रुजू झाल्यापासून दोन महिन्यांच्या आत व्हीबीएल या पूरक निवृत्तिवेतनाचा कागद वाचा. मुदतीच्या करारावर आलेल्या, पूर्वी तिथे सदस्य नसलेल्या आणि ६० महिने पूर्ण न होणाऱ्या संशोधकाला सक्तीच्या वर्गणीतून सूट घेऊन ऐच्छिक योजनेत जाता येतं. न मागितल्यास तुमच्या पगारातून जाणाऱ्या वर्गणीवर ६० महिन्यांच्या अटीमुळे निवृत्तिवेतन मिळत नाही, आणि दोन महिन्यांनंतर ही सूट मागता येत नाही.